डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक पॅड आहे. जुना म्हणालो खरा, पण कामावर मी जेमतेम पाच महिने होतो. माझ्या जातीतले धडधाकट पॅड चाळीस हजार किलोमीटर आरामात चालतात, आणि मी आठ हजारांतच संपलो. आज मी भिलाईला, मरोदा सेक्टरच्या एका क्वार्टरमध्ये, दाराशेजारच्या फळीवर पडून आहे. माझ्या एका अंगाला बाबुलाल कापगते यांचं प्लांटमधलं पिवळं हेल्मेट आहे आणि दुसऱ्या अंगाला गाडीची किल्ली टांगायचा खिळा. पाहुणे येतात, मला उचलून बघतात, हे भंगार इथे कशाला म्हणून विचारतात. बाबुलालजी विषय बदलतात. म्हणून म्हटलं, आपली कहाणी आपणच सांगावी.

ब्रेक पॅड म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. मोटारीच्या पुढच्या प्रत्येक चाकाबरोबर पोलादाची एक चकती फिरत असते. त्या चकतीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा भाऊ. चालवणाऱ्याने ब्रेक दाबला की आम्ही दोघं मिळून तिला चिमटीत धरतो, आणि गाडी थांबते. दर वेळी आमच्या अंगावरचं अस्तर थोडं थोडं झिजतं. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही, मी जन्मलोच त्यासाठी. वाईट वाटतं ते भलत्याच गोष्टीचं. माझ्या झिजण्याचा आळ एका लेकीवर आला, आणि सगळं ठाऊक असूनही मला तोंड उघडता आलं नाही.

माझा जन्म इथून फार दूर एका कारखान्यात झाला. पितळेचा चुरा, ग्रॅफाइट, कसलेसे तंतू आणि राळ असं सगळं कालवून साच्यात दाबलं, भट्टीत भाजलं आणि पोलादाच्या पाठीवर पक्कं बसवलं. ते पोलाद कुठलं, मला माहीत नाही. बाबुलालजींना विचाराल तर छातीठोकपणे इथलंच म्हणून सांगतील. छत्तीस वर्षं प्लांटमध्ये काढलेल्या माणसाला जगातलं सगळं लोखंड भिलाईचंच वाटतं. असो. आम्ही चार भावंडं एका खोक्यात बंद होऊन निघालो, दोघं उजव्या चाकासाठी आणि दोघं डाव्या. खोक्यावर केवढी तरी स्तुती छापली होती. ती वाचून मी उगाच फुगलो होतो.

दिवाळीला आठ दिवस असताना आमचं खोकं उघडलं ते हायवेवरच्या एका मोठ्या काचेच्या शोरूममध्ये. मागे वर्कशॉप होतं आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. सणाआधी सगळ्यांनाच गाडी हातात हवी असते. आम्हाला ज्या पांढऱ्या गाडीत बसवायचं होतं, तिचे पहिले पॅडही वेळेआधीच गेले होते. का गेले, ते कुणी विचारलं नाही. डावं चाक काढलं, जुने पॅड बाहेर आले. त्यातल्या आतल्याची दशा मी पाहिली. बाहेरचा निम्मा शिल्लक होता आणि आतला पार खरवडला गेला होता.

इथे थोडं नीट ऐका. आम्हा दोघा भावांना एक लोखंडी जबडा धरून ठेवतो. तो जबडा दोन पिनांवर पुढेमागे सरकतो. पिना साफ करून ग्रीस लावलं की काम लोण्यासारखं चालतं. ते नाही केलं तर जबडा अडकून बसतो, आणि मग सगळा भार आतल्या पॅडवर येतो. आमच्या गाडीची खालची पिन गंजून घट्ट बसली होती. मिस्त्रीने ती फिरवून पाहिली, हलेना. हातोडीचे दोन ठोके घातले, तरी हलेना. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली, आणखी तीन गाड्या खोळंबल्या होत्या. त्याने मला आत बसवलं, भावाला बाहेर बसवलं, बोल्ट कसले आणि पुढच्या गाडीकडे गेला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, तो काही दुष्ट माणूस नव्हता. पण गाडीबरोबर द्यायच्या कामाच्या कार्डावर मात्र ‘पिना साफ केल्या, ग्रीस लावलं’ या ओळीपुढे बरोबरची खूण होती, आणि खाली सही आणि शिक्का. मी तिथेच होतो, मित्रांनो. ग्रीसचा एक थेंबही माझ्या नजरेस पडला नाही.

गाडी न्यायला बाबुलालजी आले होते आणि बरोबर त्यांची मुलगी दिपाली. काउंटरवरचा पीयूष नावाचा तरुण आधी त्यांच्याशी हिंदीतच बोलत होता. पावतीवर कापगते नाव वाचलं आणि त्याने विचारलं, काका, तुमी कुठले? साकोलीकडचे, म्हणाले. पीयूषचे आईवडील तिथूनच जवळच्या तुमसरचे, इथलं घर वैशाली नगरात. झालं! त्या काचेच्या शोरूममध्ये आपल्या तिकडची बोली कानावर पडली आणि बाबुलालजी विरघळलेच. आपल्याच तिकडचा पोरगा आहे, आता काळजी नाही, असं वाटेत दोनदा म्हणाले. पीयूषने जाता जाता सांगितलं होतं की पॅड लवकर गेले, ताई ब्रेकवर पाय ठेवून चालवत असतील, जरा सांभाळा. तेव्हा सगळे हसले होते.

आता दिपालीचं सांगतो. ती इथून जवळच्या पाटणच्या पलीकडे एका गावातल्या शाळेत शिकवते. बस कधी येईल आणि कधी भरून निघून जाईल, याचा भरवसा नाही. म्हणून बाबुलालजींनी रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली आणि दिपाली तिशीत गाडी शिकली. शिकली म्हणजे अशी शिकली की गुळगुळीत रस्त्यावर आम्हाला फारसं कामच पडायचं नाही. पुढचं बघून आधीच वेग कमी करायची. माझ्यावर तिचा पाय पडायचा तो हलका आणि वेळेवर. चालवणाऱ्याचा स्वभाव आम्हाला जेवढा कळतो तेवढा शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

बाबुलालजी रोज सकाळी तिच्याबरोबर वाटेतल्या उतई गावापर्यंत यायचे. तिथे त्यांचे प्लांटमधले साथीदार शामराव राहतात. त्यांच्या ओसरीवर चहा प्यायचा, गप्पा मारायच्या आणि ऑटोने परत. आणि गंमत म्हणजे, घरून निघून पाच मिनिटं झाली नाहीत तोच बाबुलालजी डाव्या सीटवर झोपी जायचे. असे घोरायचे की मला चाकात ऐकू यायचं! ज्या माणसाला छत्तीस वर्षं शिफ्टच्या बसमध्ये कधी डोळा लागला नाही, तो लेकीच्या गाडीत घोरतो, हे सिंधुताईंना, म्हणजे त्याच्या बायकोला, खरंच वाटेना. या घरात मुलांची तोंडावर तारीफ करायची रीत नाही. दिपाली शाळेत पहिली आली तेव्हाही बाबुलालजी ‘हं’ म्हणाले होते, नोकरी लागली तेव्हाही ‘हं’. हे घोरणं म्हणजे त्यांनी तिला दिलेलं पहिलं प्रशस्तिपत्र होतं. दिपालीला ते कळत होतं. घोरणं सुरू झालं की ती गाण्याचा आवाज बारीक करायची.

मी मात्र तेव्हापासूनच मरत होतो. जबडा सरकत नव्हता. ब्रेक दाबला की मी चकतीवर जायचो, पाय उचलला तरी मागे फिरता येत नव्हतं. फिरत्या चकतीला चिकटून मैलन् मैल घासला जायचो. अंग तापून लाल व्हायचं. बाहेरचा भाऊ पलीकडे निवांत होता, त्याला भार म्हणून जाणवत नव्हता. त्याला काय दोष देणार? तोही जागेवरून हलू शकत नव्हता.

जानेवारीत एका संध्याकाळी दिपाली घरी आली आणि बाबुलालजी फाटक लावता लावता थबकले. त्यांच्या नाकाला वास आला. मित्रांनो, हा माणूस कोण आहे, ते तुम्हाला अजून सांगितलंच नाही. प्लांटच्या मिलमध्ये उंचावरून तापलेलं लोखंड उचलून नेणाऱ्या ज्या अजस्र क्रेन असतात, त्यांच्या ब्रेकची दुरुस्ती करण्यात याची उभी हयात गेली. जळालेल्या अस्तराचा वास त्याला झोपेतही कळेल. ते वाकले, उजव्या चाकापाशी हात नेला, कोमट. डाव्यापाशी नेला आणि चटकन मागे घेतला. क्षणभर तसेच उकिडवे बसून राहिले. मी आतून जीव तोडून ओरडत होतो की बघा, बघा, फक्त डावंच तापलंय! पाय ठेवून चालवलं असतं तर दोन्ही तापली असती! हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. घरात पान्यांची पेटी होती. दहा मिनिटांचं काम होतं.

पण त्यांनी चाक उघडलं नाही. का, तेही सांगतो. प्लांटमध्ये क्रेनवर काम करायचं तर आधी वीज बंद करतात, तिथे कुलूप घालतात आणि स्वतःच्या नावाचा लाल टॅग लावतात. तो टॅग ज्याचा, त्यानेच काढायचा. साहेब आला तरी त्याला हात लावत नाही. आणि काम झाल्यावर ज्याने केलं त्याने कागदावर सही करायची. त्या सहीच्या भरवशावर ऑपरेटर क्रेनवर चढतो, खाली शंभर माणसं काम करतात. बाबुलालजींनी छत्तीस वर्षांत न केलेल्या कामावर कधी सही केली नाही, आणि दुसऱ्याच्या सहीवर कधी शंका घेतली नाही. डाव्या चाकाच्या कामावर शोरूमची सही होती. ते चाक आता त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या टॅगखाली होतं. ज्याने सही केली त्यालाच दाखवू, म्हणत ते उठले. त्या घडीला मी पुरता हरलो.

दुसऱ्या दिवशी गाडी शोरूममध्ये गेली. एकाने टॉर्च घेऊन चाकाच्या फटीतून आत पाहिलं. फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड, म्हणजे माझा भाऊ. तो होता ठणठणीत. चाक काढल्याशिवाय मी कुणाला दिसत नाही. तपासणाऱ्याने कार्डावर लिहिलं, पॅड उत्तम. बाबुलालजींनी पीयूषला सांगून पाहिलं की डावंच चाक तापतं. तो म्हणाला की रस्त्याकडेची धूळ त्याच बाजूला जास्त लागते, होतं असं.

“चाक उघडून पायलं ना?” बाबुलालजींनी विचारलं.

“सगळं चेक केलं, काका. गाडीत काही फॉल्ट नाही. ताईचीच सवय आहे. मी कार्डावर लिहूनच देतो, म्हणजे वॉरंटीले लफडं नको,” पीयूष म्हणाला, आणि त्याने खरंच लिहून दिलं. खाली सही, सहीवर शिक्का.

त्या दिवसापासून बाबुलालजींचं घोरणं थांबलं. उतईपर्यंत ते टक्क जागे राहायचे आणि त्यांची नजर रस्त्यावर नसायची, दिपालीच्या पायाकडे असायची. पुढे म्हैस आडवी आली, एखादा सायकलवाला मध्ये घुसला, की त्यांचा उजवा पाय आपोआप समोरची जमीन दाबायचा. डाव्या सीटपुढे ब्रेक नसतो, तरी दाबायचा. दिपाली सगळं बघत होती. आठ दिवस बघितलं तिने, आणि मग एके दिवशी फाटकात गाडी उभी करून, किल्ली हातात धरूनच बोलली. मी चाकात होतो, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“बाबा, मी ब्रेकवर पाय ठेवत नाही. तुमी रोज बाजूले बसून पायता. दिसला काय एकदाही?”

“कागदावर लिवलं आहे, दिपाली.”

“कागदावर लिवलं ते खरं, अन् मी सांगून राहिली ते?”

बाबुलालजींनी मान खाली घातली. मग किल्लीसाठी हात पुढे केला. काही दिवस बसने जा, म्हणाले, तोवर मी चालवून पाहतो, पाय न ठेवता चालवलं की पॅड कसे टिकतात ते दाखवतो. दिपालीने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. आदळली नाही, फेकली नाही, नुसती ठेवली. सिंधुताई दारातून म्हणाल्या, “पोरीले बोलाले तोंड हाये तुमाले, त्या शोरूमवाल्याले नाही.”

दिपालीने तीन आठवडे बसचे धक्के खाल्ले. दोनदा शाळेत उशिरा पोहोचली आणि बोलणी खाल्ली. मग तिच्या शाळेतल्या ममता मॅडमची पाटणला खोली होती, तिथे ती राहायला गेली. एक सुटकेस आणि एक गादी घेऊन गेली. जाताना आईच्या पाया पडली, बाबांच्याही पडली, आणि गाडीजवळून जाताना बॉनेटवर सहज हात फिरवून गेली. मला तो हात कळला. मी काय करू शकत होतो? मला जीभ असती तर मी त्याच क्षणी सगळं सांगून टाकलं असतं.

आता बाबुलालजी चालवू लागले. मोजून चालवायचे, माणसाने देवघरात वावरावं तसे. ब्रेकला पाय लावायची वेळ येऊ नये म्हणून वीस-पंचवीसच्या वर जायचे नाहीत, मागून ट्रकवाले शिव्या घालायचे. आणि तरीही मी झिजतच होतो. अस्तर संपत आलं, आतून किरकिर सुरू झाली. सिंधुताईंनी विचारलं की हा आवाज कसला. बाबुलालजी म्हणाले, धूळ असेल. स्वतःला समजावत होते बिचारे. वासही येत होता त्यांना, मला पक्कं ठाऊक आहे.

मार्चमधल्या एका दुपारी ते सिंधुताईंना डोळे तपासायला नेऊन परत येत होते. मरोद्याचं रेल्वे फाटक पडत होतं. राजहऱ्याकडून खनिजाची मालगाडी येत होती आणि फाटकापुढे एक बाई सायकल हातात धरून उभी होती, मागे कॅरिअरवर भाजीची टोपली. बाबुलालजींनी बऱ्याच आधी ब्रेकला पाय लावला. मी होतं नव्हतं ते बळ एकवटलं, पण माझ्या अंगावर अस्तरच राहिलं नव्हतं. उघडं पोलाद चकतीवर घासलं. कानठळ्या बसवणारा आवाज झाला, स्टिअरिंगला हिसका बसला आणि गाडी तिरकी ओढली जाऊन त्या बाईच्या सायकलीपासून हातभर अंतरावर थांबली. टोपलीतली चार वांगी खाली पडली, एवढंच. डाव्या चाकातून धूर येत होता.

मालगाडी धडधडत गेली. डबे संपता संपेनात. ती बाई शिव्या द्यायचंही विसरली होती. बाबुलालजींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गोठले होते. सिंधुताईंनी आधी पदराने तोंड पुसलं, मग अगदी हळू विचारलं.

“आता ब्रेकवर कोनाचा पाय होता?”

घरी कसे आले ते त्यांचं त्यांना माहीत. गाडी फाटकात लावली, आत जाऊन शोरूमचं कार्ड आणलं, पायरीवर बसून ते पुन्हा वाचलं. मग पान्यांची पेटी आणली. पहिल्या नटला पाना लावला आणि हात थांबला. छत्तीस वर्षांची सवय होती, मित्रांनो, ती मध्ये आली. मग त्यांनी कार्ड घडी करून खिशात घातलं आणि नट फिरवला.

चाक निघालं, जबडा निघाला, आणि पाच महिन्यांनी मी पहिल्यांदा उजेड पाहिला. त्यांनी एका हातात मला घेतलं, दुसऱ्यात माझ्या भावाला. भावाच्या अंगावर बोटभर अस्तर होतं. माझं पोलाद उघडं पडलं होतं, निळं-काळं झालं होतं. हे दोन तुकडे कुणा पोराला दाखवले तरी त्याने ओळखलं असतं, आणि बाबुलालजी तर बाबुलालजीच होते. त्यांनी खालच्या पिनेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला गंज लागला, ग्रीस लागलं नाही. मग ते तिथेच अंगणात खाली बसले. सिंधुताई चहा घेऊन आल्या, तो त्यांच्या शेजारी ठेवला आणि आत गेल्या. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझा भाऊ वर्तमानपत्रात गुंडाळून शोरूममध्ये गेलो. बाबुलालजींनी आम्हाला पीयूषच्या काउंटरवर ठेवलं. पीयूषचा चेहरा उतरला. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, चूक झाली काका म्हणाला, नवे पॅड कंपनीकडून लावून देतो म्हणाला. बाबुलालजींना ते काही नको होतं. दिवाळीआधी पिनांच्या कामावर ज्याने सही केली तो माणूस कुठे आहे, एवढंच ते विचारत होते. त्याला एकदा घरी नेऊन ती पिन दाखवायची होती. रागवायचं नव्हतं, दाखवायची होती.

“सही तं मीच करतो, काका,” पीयूष म्हणाला. “सगळ्या कार्डांवर. सकाळीच करून ठेवतो. रोजच्या पन्नास गाड्या असतात.”

“सकाळी? कामाच्या आधीच?”

“हो.”

“अन् तू चाकापाशी होता काय?”

“नाही काका. मी तं इथंच असतो, काउंटरवर.”

बाबुलालजींनी खिशातून ते कार्ड काढलं आणि सहीवर बोट ठेवलं. “ह्या सहीपायी म्या माह्या पोरीले खोटं ठरवलं,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. पीयूषही सहा महिन्यांपूर्वी लागलेला असेल नाहीतर दोन वर्षांपूर्वी, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की सही म्हणजे काय असते. मागून एक माणूस आला, आम्हाला भंगाराच्या डब्यात टाकायला उचलू लागला. बाबुलालजींनी मला त्याच्या हातातून परत घेतलं. भाऊ डब्यात गेला. त्याच्या अंगावर अजून खूप अस्तर होतं.

गाडी त्यांनी घरीच दुरुस्त केली. पिन तापवून काढली, घासून लख्ख केली, ग्रीस लावलं, बाजारातून नवे पॅड आणून स्वतःच्या हातांनी बसवले. शेवटचा बोल्ट कसल्यावर त्यांनी एका चिठ्ठीवर तारीख घालून सही केली आणि ती गाडीच्या खणात ठेवली. कुणी मागितली नव्हती, तरी केली. मग रविवारी सकाळी मला डॅशबोर्डवर ठेवून ते पाटणला निघाले.

दिपाली खोलीच्या बाहेर कपडे वाळत घालत होती. बाबांना बघून तिने आधी आईची तब्येत विचारली. बाबुलालजींनी मला तिच्या हातात दिलं. हा आतला, म्हणाले. भाऊ केवढा होता ते दोन बोटांनी दाखवलं. पिनेचं सांगितलं, फाटकावरचं सांगितलं, सायकलवाल्या बाईचं सांगितलं. वाटेत बहुतेक खूप काही ठरवून आले होते, पण तोंडातून निघालं ते एवढंच, “तुह्या पायाचा दोष नव्हता.”

“मले माहीत होतं, बाबा,” दिपाली म्हणाली.

ती रागावली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. तिने आत जाऊन बाबांना पाणी आणून दिलं आणि ममता मॅडमला सांगितलं की आईला भेटून येते, उद्या सकाळी परत. बाबुलालजींनी किल्ली पुढे केली आणि स्वतः जाऊन डाव्या सीटवर बसले. दिपालीने गाडी सुरू केली. तोच हलका पाय, तीच पुढचं बघून वेग कमी करायची रीत. नव्या पॅडांचा मला हेवा वाटला.

गाव मागे पडल्याबरोबर बाबुलालजींनी सीट मागे केली, हात पोटावर घेतले आणि डोळे मिटले. दिपालीने गाण्याचा आवाज बारीक केला. मी डॅशबोर्डवरून त्यांच्याकडे बघत होतो. श्वास संथ चालला होता. आता घोरतील, आता घोरतील, म्हणून मी वाट बघत होतो. उतई जवळ आली. एक बकरी रस्त्यावर आली आणि दिपालीने अलगद वेग कमी केला. बाबुलालजींचे डोळे मिटलेलेच होते, पण त्यांचा उजवा पाय पुढे सरकला आणि त्याने जमीन दाबली. दिपालीने ते पाहिलं. तिने गाण्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा केला.

ती अजून पाटणलाच राहते. शनिवारी बाबुलालजी तिला आणायला जातात, सोमवारी पहाटे ती बसने जाते. गाडी घेऊन जा, असं ते दर वेळी म्हणतात, आणि किल्ली या खिळ्यावरच राहते.

मित्रांनो, माझ्यासाठी आता काही करता येणार नाही. झिजलेलं अस्तर परत येत नाही. पण तुम्ही मोठे होऊन मिस्त्री व्हाल, साहेब व्हाल, काउंटरवर बसाल, तेव्हा ज्या कामाला तुमचा हात लागला नाही त्यावर सही करू नका. आणि घरातलं माणूस तोंडाने काही सांगत असेल, तर खिशातला कागद काढण्याआधी एकदा चाक उघडून बघा, आतल्या बाजूनेही बघा. बाबुलालजींनी ते दोन महिने आधी केलं असतं, तर मला या फळीवर यावं लागलं नसतं. उद्या शनिवार आहे. ते पुन्हा पाटणला जातील, डाव्या सीटवर बसतील, डोळे मिटून घेतील, आणि त्या पायाला झोप लागते का ते बघतील.